पाच तारे विकायचे नाहीत, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं, पाळणार कोण?

वैदर्भीय
रविवार, रात्री ९.४२

नागपुरातल्या आणि बाहेरच्याही लोकांचं मत हवंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी डिजिटल मार्केटिंगची छोटी एजन्सी चालवते. ऑफिस लक्ष्मीनगरला, हाताखाली चार-पाच जण. दंतवैद्य, स्किन क्लिनिक, कोचिंग क्लासेस, लॉन आणि मंगल कार्यालयं असे आमचे क्लायंट. गूगल मॅपवर त्यांचं नाव वर दिसावं, जाहिराती नीट चालाव्यात, वेबसाइट अद्ययावत राहावी, हे आमचं काम. पण गेल्या काही वर्षांत नवा क्लायंट समोर बसला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रिव्ह्यू किती वाढवून द्याल?" खरे रिव्ह्यू कसे मिळवावेत हे त्याला ऐकायचं नसतं. विकतचे किती मिळतील तेवढं सांगा, असा तो प्रश्न असतो.

ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर यासाठी ग्रुप आहेत. दुकानाची लिंक आणि तयार वाक्यांची यादी टाकायची. ग्रुपमधली माणसं आपापल्या खात्यांवरून पाच तारे देतात, स्क्रीनशॉट पाठवतात आणि यूपीआयवर पैसे घेतात. सगळे एकाच दिवशी पडले तर गूगलच्या यंत्रणेला संशय येतो, म्हणून रोज तीन-चार असे सोडत राहतात. याला धंद्यात 'ड्रिप' म्हणतात. 'लोकल गाइड' (गूगल मॅपवर नेहमी रिव्ह्यू, फोटो टाकणाऱ्यांना गूगलकडून मिळणारा बिल्ला) असलेल्या जुन्या खात्याला भाव जास्त, फोटोसकट रिव्ह्यूला आणखी जास्त. मनीषनगरकडच्या एका दवाखान्याचे रिव्ह्यू मी एकेक उघडून पाहिले होते. "वेदना अजिबात झाल्या नाहीत, स्टाफ अतिशय नम्र" असं लिहिणाऱ्या एका खात्याने त्याच आठवड्यात कोइम्बतूरचं टायरचं दुकान, सिमल्याचं हॉटेल आणि सुरतेचं साडी सेंटर यांनाही पाच तारे दिले होते. चारही ठिकाणी स्टाफ अतिशय नम्र होता.

हे थांबावं असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. म्हणून मागच्या वर्षी शहरातल्या काही एजन्सीवाल्यांनी मिळून एक पानाची आचारसंहिता केली. शंकरनगरच्या एका हॉटेलात बसलो, दोन-अडीच तास वाद घातला आणि पाच गोष्टी लिहून काढल्या. विकतचे रिव्ह्यू देणार नाही. दुसऱ्याच्या क्लायंटला एक तारा देऊन पाडणार नाही. गूगलवर पहिल्या नंबरची हमी देणार नाही. पैसे घेऊन केलेली पोस्ट असेल तर तिच्यावर जाहिरात असं लिहू. आणि क्लायंटच्या गूगल प्रोफाइलची मालकी क्लायंटच्याच ईमेलवर ठेवू, एजन्सी सोडली म्हणून त्याला ओलीस धरणार नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. त्या संध्याकाळी मला खरंच आनंद झाला होता.

मग दहावी-बारावीचे निकाल आले आणि प्रवेशांचा हंगाम सुरू झाला. सही करणाऱ्यांपैकीच एकाकडे असलेल्या क्लासेसचे रिव्ह्यू आठवडाभरात भराभर वाढले. 'बेस्ट नीट क्लासेस इन नंदनवन' हे शब्द प्रत्येक दुसऱ्या रिव्ह्यूत. आम्ही ग्रुपवर विचारलं. उत्तर आलं की हे क्लायंटने परस्पर करवून घेतलंय, आमचा काही संबंध नाही. ते खरंही असेल. खोटं असेल तरी सिद्ध कसं करणार? आमच्याकडे ना तपासणारं कोणी, ना काढून टाकण्याचा अधिकार. दोघंतिघं ग्रुप सोडून गेले, बाकीचे गप्प झाले.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. त्या सह्यांच्या पानाचा फोटो आज काहींच्या वेबसाइटवर 'आम्ही नैतिक आचारसंहिता पाळतो' म्हणून झळकतो आहे. पाळणाऱ्याच्याही आणि न पाळणाऱ्याच्याही. बाहेरच्या माणसाला फरक कळायचा काही मार्गच नाही. म्हणजे पाळणाऱ्याला सहीचा फायदा शून्य आणि तोटा मात्र रोख. माझा एक दंतवैद्य क्लायंट याच कारणाने गेला. "मॅडम, समोरच्याचे बघा किती झाले," एवढंच म्हणाला.

आता मुद्दा. स्वनियंत्रण आपल्याकडे कधी चाललंच नाही असं नाही. जाहिरातवाल्यांची अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे अ‍ॅस्की, १९८५ पासून आहे. तीही उद्योगानेच उभारलेली, ऐच्छिक. पण २००६ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत सरकारने लिहिलं की अ‍ॅस्कीच्या संहितेचा भंग करणारी जाहिरात केबलवर दाखवता येणार नाही. टीव्हीपुरती तरी त्या शब्दामागे कायद्याची काठी आली. इन्फ्लुएन्सरांसाठी अ‍ॅस्कीने २०२१ मध्ये नियम केले, पैसे घेतले असतील तर पोस्टवर स्पष्ट सांगा म्हणून. आपल्या शहरातली खाण्याची, कपड्यांची रील्स पाहणाऱ्यांनी सांगावं, किती जण सांगतात?

माझा प्रश्न असा: काठी हातात नसताना, एकमेकांचे स्पर्धक असलेल्या लहान धंदेवाल्यांनी आपापसांत ठरवलेली नीती टिकू शकते का? टिकवायची तर काय करावं लागेल?

बजाजनगरचा_भाऊ
रविवार, रात्री १०.१५

ताई, तळमळ समजली, पण तुम्ही भलत्या खांद्यावर ओझं घेतलंय. रिव्ह्यू कोणाच्या पाटीवर लागतात? गूगलच्या. पैसे कोण कमावतो? गूगल. मग साफसफाई त्यानेच करावी. २०२३ या एका वर्षात नियमभंग करणारे १७ कोटींहून जास्त रिव्ह्यू काढले किंवा अडवले, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. म्हणजे त्यांना जमतं. तुमच्या-माझ्या सह्यांनी काय होणार?

वैदर्भीय
रविवार, रात्री १०.४८

भाऊ, १७ कोटी हा आकडा मलाही माहीत आहे. त्यातून रोग केवढा मोठा आहे तेच कळतं. किती सुटले ते त्यातून कळत नाही. आणि यंत्राने काढलेल्यांत खरेही जातात. माझ्या एका क्लायंटने लॉनमध्ये मोठा कार्यक्रम केला. पाहुण्यांनी त्याच रात्री, त्याच वायफायवरून कौतुकाने रिव्ह्यू लिहिले. सकाळी बहुतेक गायब. विकणारा मात्र ड्रिपने सोडतो म्हणून त्याचे टिकतात. यंत्राला चुकवायचं कसं हे लबाड माणूस शिकून घेतो. साध्या माणसाला यंत्र आहे हेच ठाऊक नसतं.

गूगलने करावं हे मान्यच. पण ते करतील तोवर मी काय विकते, ही जबाबदारी माझीच आहे ना?

डॉ_मुक्ता
रविवार, रात्री ११.३०

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नागपुरातच. आमच्या बाजूने लिहिते, कारण मागणी आमच्याकडून येते हे नाकारण्यात अर्थ नाही.

आम्हा डॉक्टरांना जाहिरात करायला मुळातच मनाई आहे. २००२ चे आचारनियम रुग्णांना आपल्याकडे ओढण्यासाठी जाहिरात करू नका, असं स्पष्ट सांगतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले. त्यात समाजमाध्यमांवर वेगळं प्रकरण होतं. लाइक्स, फॉलोअर्स विकत घेऊ नका, शोधात नाव वर यावं म्हणून पैसे देऊ नका, असं त्यात होतं. वाचून बरं वाटलं होतं. तीन आठवड्यांच्या आत, २३ ऑगस्टला, ते सगळेच नियम स्थगित झाले. स्थगितीची कारणं दुसरीच होती, जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून गदारोळ झाला होता. पण त्याबरोबर हाही भाग गेला.

दुसरी गोष्ट या चर्चेत कोणी बोलत नाही म्हणून सांगते. माझ्या रुग्ण माझ्याबद्दल चांगलं बोलतात, पण लिहीत नाहीत. का लिहितील? गर्भपातासाठी आलेली, वंध्यत्वाचे उपचार घेणारी किंवा लग्नाआधी तपासायला आलेली मुलगी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोटोसकट गूगलवर "डॉक्टर छान आहेत" लिहिणार आहे का? मानसोपचार करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचंही तेच. उलट ज्याला बिलावरून राग आला, तो नवरा मात्र रात्रीच एक तारा देतो. म्हणजे आमच्यासारख्या शाखांत प्रामाणिक राहिलं तर आकडा कमी आणि वाईटच दिसणार. नेमक्या त्याच दुखऱ्या जागी फोन येतो, "मॅडम, शंभर रिव्ह्यूंचं पॅकेज आहे." असे फोन आमच्या रिसेप्शनला सारखे येतात. मी घेतले नाहीत. पण घेणाऱ्या प्रत्येकाला लबाड म्हणायला माझी जीभ धजत नाही. काही जण नुसते घाबरलेले असतात.

तर्रीपोहे
सोमवार, सकाळी ८.०५

मी हे काम करतो. स्पष्टच सांगतो, कारण इथे सगळे आमच्याबद्दल बोलून राहिले आणि आम्हाला कोणी विचारत नाही.

बी.कॉम. झालो, दोन वर्षं नोकरी शोधली. मानेवाड्याला राहतो. आता तीन एजन्सींचं रिव्ह्यूचं काम माझ्याकडे येते. कोणाकडून? ज्यांनी सह्या केल्या म्हणता ना ताई, त्यांच्यातल्याही एकाकडून. ते स्वतः हात लावत नाहीत. क्लायंटला माझा नंबर देतात, पैसे क्लायंट मला परस्पर देतो. मग ते छातीवर हात ठेवून म्हणू शकतात की आम्ही केलं नाही. म्हणून तुमच्या ग्रुपवर ते उत्तर आलं. ते खोटं नव्हतं.

मी कोणाला लुटत नाही. वाईट डॉक्टरचं काम घेत नाही, आधी चौकशी करतो. समोरच्याला एक तारा देण्याचं काम तर कधीच घेतलं नाही. माझ्या घरी दोन बहिणी शिकतात, आईची शुगरची औषधं लागतात. मी थांबलो तर हे काम थांबणार आहे का? दुसऱ्या दिवशी दुसरं पोट्टं करेल. मग काहून थांबू, हे सांगा. नीतीचं नाही, हिशेबाचं उत्तर द्या.

निवृत्त_शिक्षिका
सोमवार, सकाळी १०.२०

बाळा, तुझा प्रतिसाद वाचून उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. तुझ्यावर राग नाही. पण मी तुझ्या कामाच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे, तिथून काय दिसतं ते ऐक.

आम्ही त्रिमूर्तीनगरला राहतो. माझे यजमान पक्षाघाताने अंथरुणावर होते. मुलगा बंगळुरूला. रात्रीच्या अटेंडंटसाठी मी मोबाइलवर शोधलं. एका ब्युरोला सगळ्यांत जास्त तारे. "आईसारखी काळजी घेतली", "रात्रभर जागी राहते", असं कितीतरी जणांनी लिहिलेलं. मी त्यातलं एकेक वाक्य वाचून यजमानांना ऐकवलं होतं, त्यांनाही धीर यावा म्हणून. आगाऊ पैसे दिले. जी बाई आली तिला कूस बदलून देणंही माहीत नव्हतं. पाठीला जखमा झाल्या. ब्युरोने फोन उचलणं बंद केलं. नंतर पुतण्याने ते रिव्ह्यू उघडून दाखवले. लिहिणारी माणसं नागपूरची नव्हतीच.

तू म्हणतोस तू चौकशी करतोस. दुसरे करत नाहीत, आणि मला वाचताना तुझं वाक्य कोणतं, त्यांचं कोणतं, हे कसं कळावं? तू खऱ्या चांगल्या डॉक्टरसाठी लिहिलेलं खोटं वाक्यही त्या ब्युरोला उपयोगी पडतं. कारण त्यामुळेच माझ्यासारखीला वाटतं की इथे लिहिलेलं खरं असतं.

हिशेबाचं उत्तर माझ्याकडे नाही.

तर्रीपोहे
सोमवार, सकाळी ११.०२

काकू, वाचलं. काका आता कसे आहेत?

निवृत्त_शिक्षिका
सोमवार, दुपारी १.४०

गेले मागच्या पावसाळ्यात. जखमांमुळे नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण शेवटचे महिने फार त्रासाचे गेले.

कोर्टाची_पायरी
सोमवार, दुपारी ३.१५

ताईंना नमस्कार. मी ग्राहक आयोगात वकिली करतो. काठी नाही असं धाग्यात म्हटलंय, ते पूर्ण बरोबर नाही. काठी आहे, पण ती फारशी कोणी उचलत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू झाला २० जुलै २०२० ला. त्याच्या कलम २१ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तर थेट लिहिलंय की विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकू नयेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात १३ प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक म्हणजे छुपी जाहिरात, म्हणजे सामान्य वापरकर्त्याने लिहिल्यासारखी दाखवलेली जाहिरात. विकतचा रिव्ह्यू म्हणजे दुसरं काय असतं? कोचिंगवाल्यांसाठी १३ नोव्हेंबर २०२४ च्या वेगळ्या सूचना आहेत. निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नाव, फोटो, अभिप्राय वापरायचा तर निवडीनंतर त्याची लेखी संमती हवी.

आणि रिव्ह्यूंसाठी खास भारतीय मानकही आहे, आयएस १९००० : २०२२. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. पैसे देऊन किंवा माणसं नेमून लिहून घेतलेले रिव्ह्यू प्रसिद्ध करू नयेत, लिहिणाऱ्याची खातरजमा करावी, असं त्यात आहे. पण ते आणलं गेलं ऐच्छिक म्हणून. सरकारनेही आधी स्वनियंत्रणावरच भरवसा ठेवला.

बाहेर पाहिलं तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा खोट्या रिव्ह्यूंविरुद्धचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. तिथे विकणारा, विकत घेणारा, दोघेही अडकतात. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून खोटे रिव्ह्यू बेकायदा.

काकूंच्या प्रकरणात सेवेतील त्रुटीची तक्रार होऊ शकते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. काकू, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंदवा आणि पैसे भरल्याच्या पावत्या, रिव्ह्यूंचे स्क्रीनशॉट आत्ताच जपून ठेवा. ते कधीही पुसले जातात.

मिहान_वाला
सोमवार, संध्याकाळी ७.५०

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आधी एका ऑनलाइन गेमिंग कंपनीत होतो. स्वनियंत्रण कसं फसतं हे तिथे जवळून पाहिलंय.

६ एप्रिल २०२३ ला आयटी नियमांत दुरुस्ती झाली. उद्योगाने स्वतःच्या स्वनियंत्रण संस्था उभ्या कराव्यात, सरकार त्यांना मान्यता देईल आणि कोणता खेळ चालवायचा ते त्या संस्था तपासतील, अशी योजना. ऑफिसात आम्ही खूश होतो. पुढे काय झालं? एकाही संस्थेला मान्यता मिळाली नाही. ज्यांना तपासायचं त्यांच्याच पैशावर तपासणारी संस्था चालणार, हा पेच सुटलाच नाही. तोवर पोरं पैसे हरतच होती. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैशांवरचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद. चांगलं-वाईट वेगळं करण्याची वेळ उद्योगाने घालवली, त्यामुळे सगळेच एका फटक्यात गेले. माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

उलट उदाहरण कर्जाच्या अ‍ॅपचं. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला सुमारे ११०० कर्ज अ‍ॅप सापडले, त्यातले ६०० बेकायदा. तिथे बँकेने आधी २०२२ मध्ये स्वतःचे नियम केले, मग २०२४ च्या मे महिन्यात स्वनियंत्रण संस्थांची चौकट आखली आणि ऑगस्टमध्ये एका संस्थेला मान्यता दिली. म्हणजे काठी आधी, संस्था नंतर. सगळं सुधारलं असं म्हणत नाही, पण क्रम तो हवा.

ताई, तुमच्या ग्रुपने क्रम उलटा घेतला. त्यात तुमचा दोष नाही, काठी तुमच्या हातात नव्हतीच. मग निदान मोजता येईल असं तरी काही हवं होतं. 'खोटे रिव्ह्यू देणार नाही' हे कसं मोजणार?

वैदर्भीय
सोमवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काकू, तुमचा लिहायला किती जड गेला असेल याची कल्पना आहे.

मिहान_वाला यांचा शेवटचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. आमच्या पाच कलमांकडे पुन्हा पाहिलं. त्यातली तीन बाहेरून कोणालाही तपासता येतात. पहिल्या नंबरची हमी दिली का, हे जाहिरातीत, कोटेशनमध्ये दिसतं. पेड पोस्टवर तसं लिहिलंय का, हे पोस्टवरच दिसतं. प्रोफाइलची मालकी कोणाच्या ईमेलवर आहे, हे क्लायंट दोन मिनिटांत पाहू शकतो. उरलेली दोन, विकतचे रिव्ह्यू आणि दुसऱ्याला पाडणं, फक्त माणसाच्या शब्दावर उभी आहेत. आम्ही पाचही एकाच पानावर, एकाच दमात लिहिली, आणि तपासता येणाऱ्यांची विश्वासार्हता न येणाऱ्यांना उसनी मिळाली. ते पान वेबसाइटवर लावणाऱ्याला नेमकी तीच हवी होती.

तर्रीपोहे, तुम्ही सांगितलेली वाट माझ्या लक्षात आली नव्हती. एजन्सी नंबर देते आणि हात झटकते. म्हणजे 'आम्ही देणार नाही' हे वाक्यच मुळात अपुरं होतं.

आता मला असं वाटतंय की आपापसातली शपथ सोडून द्यावी आणि हे क्लायंटबरोबरच्या करारात आणावं. तिथे निदान दोन बाजू असतात आणि कागद असतो. "क्लायंट किंवा एजन्सी, स्वतः किंवा तिसऱ्यामार्फत, मोबदला देऊन रिव्ह्यू घेणार नाही. घेतल्याचं दिसल्यास दुसरी बाजू करार तत्काळ संपवू शकते आणि उरलेलं शुल्क परत मागू शकते." आणि दर महिन्याच्या अहवालात रिव्ह्यू किती आले, कोणत्या दिवशी किती, हा आलेख. शिवाय दवाखान्याच्या नोंदवहीशी काही नावं पडताळून पाहायची. डॉक्टर, हे चालेल का?

डॉ_मुक्ता
सोमवार, रात्री ११.०५

नोंदवहीशी पडताळणी अजिबात नको. माझ्याकडे कोण येतं हे तुमच्या ऑफिसातल्या कोणाला कळता कामा नये. हेतू कितीही चांगला असो, हे मी कधीच करू देणार नाही.

आलेख चालेल. आणखी एक सुचवते. आमच्यासारख्यांनी ताऱ्यांच्या शर्यतीत उतरूच नये. प्रोफाइलवर शुल्क किती, प्रसूतीचे ढोबळ खर्च किती, रात्री फोन कोण उचलतं, महिला सोनोग्राफी करणारी आहे का, हे लिहावं. रुग्णाला खरं तर हेच हवं असतं. तुम्ही एजन्सीवाले हे लिहून द्यायला शिका, मी त्याचे पैसे आनंदाने देईन.

बजाजनगरचा_भाऊ
मंगळवार, सकाळी ७.३०

डॉक्टरांशी सहमत. पण ताई, ज्याला रिव्ह्यूच हवेत तो तुमचा करार वाचून दुसरीकडे जाईल. मग परत तेच. पाळणारा उपाशी.

वैदर्भीय
मंगळवार, सकाळी ९.१५

जाईल, भाऊ. काही जातीलच, एक आधीच गेलाय. मी ते धरून चालले आहे. ऑफिसचं भाडं आणि पगार निघतील एवढे क्लायंट माझ्याकडे आहेत, म्हणून मला हे परवडतं. कालच सुरुवात केलेल्याला परवडेलच असं मी म्हणणार नाही. म्हणूनच हे सगळ्यांवर लादायचा माझा विचार नाही. पण माझ्यापुरतं तरी तपासता येईल असं असावं.

आणि हे पुरेसं नाही हेही मला दिसतंय. रिव्ह्यूंचं मानक सक्तीचं व्हावं आणि त्यात आमच्यासारख्या मधल्या लोकांचं नाव यावं, असं निवेदन मी ग्राहक व्यवहार विभागाला पाठवणार आहे. धंद्यातल्याच माणसाने ते मागावं. वकीलसाहेब, मसुदा पाहाल का?

कोर्टाची_पायरी
मंगळवार, दुपारी २.००

नक्की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. करारातल्या कलमात "दिसल्यास" हा शब्द काढा, त्यावर वाद होईल. "गूगलने प्रोफाइलवर इशारा लावल्यास किंवा रिव्ह्यू घेणं तात्पुरतं बंद केल्यास" असं काहीतरी ठोस घाला. ते बाहेरून दिसतं, कोणाच्या शब्दावर जावं लागत नाही.

तर्रीपोहे
मंगळवार, रात्री ९.२०

ताई, डॉक्टर मॅडम म्हणतात ते प्रोफाइल लिहायचं काम असेल तर मला मराठी-हिंदी दोन्ही नीट लिहिता येते. नमुना पाठवू का? बाकीचं काम आजच्या आज सोडतो असं म्हणणार नाही, सध्या नाही जमत. पण अटेंडंट, नर्सिंग ब्युरो, आजारी माणसाशी संबंध असलेलं काही, हे यापुढे घेणार नाही. आज एक आलं होतं, परत पाठवलं.

वैदर्भीय
मंगळवार, रात्री ९.४५

पाठवा. व्यनि केलाय. आधी दोन प्रोफाइल करून पाहू, भाव आपण बसून ठरवू.

डॉ_मुक्ता
मंगळवार, रात्री १०.३०

वैदर्भीय, तुमच्या कलमात "क्लायंट किंवा एजन्सी" आहे, त्यात "त्यांचे कर्मचारी" हेही घाला. दवाखान्यात सगळ्यात आधी रिसेप्शनवरच्या मुलीलाच सांगितलं जातं, तुझ्या आणि घरच्यांच्या मोबाइलवरून टाक म्हणून. तिला नाही म्हणता येत नाही. कागदावर असेल तर म्हणता येईल.